बोलवायच्या राहिलेल्या गाड्या

आमच्या कारखान्याची पर्यावरणाच्या पदकासाठी निवड झाली, त्याच आठवड्यात आमच्या मुकादमांना डॉक्टरकडे पाठवलं. डोकं तपासायला. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस होता, आणि हे माझ्याशिवाय कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सांगायचं मलाच आलं. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. असेल. चोवीस वर्षं वजनकाट्यावर बसतेय. ट्रकवाल्यांशी लाडात बोलून वजनं होत नाहीत.

आम्ही पाण्याचे पंप बनवतो. आत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग येतात, तांब्याची तार येते आणि बाहेर पंप जातात. फाटकातून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी माझ्या काट्यावर चढते. येताना एक वजन, जाताना एक वजन, आणि दर वजनाच्या छापील तीन चिठ्ठ्या. एक ड्रायव्हरला, एक ऑफिसला आणि तिसरी माझ्या पत्र्याच्या डब्यात. ती ठेवायला मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण साहेब लोक उद्या माझ्यावर उलटले तर हातात काहीतरी असावं, एवढी अक्कल मला पहिल्या वर्षीच आली होती.

मुकादम माल भरायच्या फलाटावर. वय साडेछप्पन्न, अंगाने काटकुळे, कानामागे पेन्सिल. दोन वाक्यांच्या जागी अर्धं बोलणार आणि उरलेलं गिळणार. त्यांच्याशी बोलताना माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. पण एक गोष्ट या माणसाला आली की आली. समजा कास्टिंग घेऊन एक गाडी उत्तरेकडून आली. माल उतरवला की ती उत्तरेकडेच परत जाणार, रिकामी. आणि त्याच दिवशी उत्तरेला जायचे पंप फलाटावर पडलेले. मग मुकादम कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, त्या ड्रायव्हरला गाठायचे आणि म्हणायचे, "दीड तास थांबता? भरून जा." ड्रायव्हर थांबायचा. कारण मुकादमांचा दीड तास म्हणजे दीड तासच. शिवाय फलाटापाशी त्यांनी स्वतः ठोकलेला बाक होता, पिण्याचं पाणी होतं, मोबाईलला लावायला वायर होती. एक गाडी, दोन कामं. नाहीतर एक गाडी भरून येणार नि रिकामी जाणार, दुसरी रिकामी येणार नि भरून जाणार, आणि दोघींचं डिझेल हवेत.

हे त्यांना कुणी शिकवलं? कुणी नाही. त्यांचं घर हमरस्त्याला लागून, खिडकी थेट रस्त्यावर. रिकामी गाडी खडखडत जाते, भरलेली दबक्या आवाजात जाते. पडल्या पडल्या ते ऐकायचे आणि म्हणायचे, "ही रिकामी. हीसुद्धा रिकामी. हरामखोर!" तेवढीच त्यांच्या तोंडून येणारी शिवी. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, रोज सकाळी खिडकीची चौकट पुसायची आणि काळं झालेलं फडकं त्यांच्या नाकासमोर धरायची. "हे बघा तुमच्या गाड्यांचं कौतुक. हे पुसते ते दिसतं तरी. छातीत जातं ते कोण पुसणार?" वहिनीला दम्याचा त्रास. बोलता बोलता खोकायला लागायची, आणि हे मान खाली घालून डबा उचलायचे नि कामावर यायचे.

तर असं सगळं चाललेलं असताना सिस्टीम आली.

सिस्टीम आली म्हणजे काय थाट! चकचकीत स्क्रीन, भिंतीवर हिरव्या पानांचं चित्र, आणि सोबत एक नवे साहेब. कोटाला कायम हिरवा बिल्ला, म्हणून आम्ही त्यांना हिरवे साहेब म्हणायचो. त्यांनी आम्हा सगळ्यांना गोळा करून समजावलं, की आता माल कुठून निघाला, कुठे पोचला, कोणत्या गाडीने किती डिझेल जाळलं, सगळं आपोआप कळणार आणि त्यामुळे कारखान्याचा कार्बन कमी होणार. "माणसाची चूक हीच खरी गळती आहे," असंही म्हणाले. म्हणताना माझ्या काट्याकडे बोट केलं. मेल्याने आयुष्यात कधी ट्रकच्या टपावर पाय ठेवला नसेल. उंटावरून शेळ्या हाकणारी जात!

खोटं कशाला बोलू, सिस्टीम अगदीच वाया नव्हती. रस्त्यात गाडी बंद पडली की लगेच कळायचं. डिझेलचा आकडाही खरा होता, गाड्यांच्या टाक्यांनाच मीटर बसवलेले. पण गंमत अशी, की येणाऱ्या मालाची सिस्टीम खरेदी खात्याने एका कंपनीकडून घेतलेली आणि जाणाऱ्या मालाची विक्री खात्याने दुसऱ्या कंपनीकडून. दोन्ही खात्यांच्या प्रमुखांचं एकमेकांशी बोलणं नाही, मग त्यांच्या सिस्टीमचं तरी कसं असणार? अगदी भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखं, मधे भिंत. आवकीच्या सिस्टीमला वाटायचं, गाडी खाली झाली, विषय संपला. जावकीची सिस्टीम म्हणायची, माल तयार आहे, चला, नवी गाडी बोलवा. एकाच आवारात एक गाडी रिकामी बाहेर पडते आहे आणि दुसरी रिकामी आत शिरते आहे, हे दोघींनाही दिसत नव्हतं. दिसायचं फक्त माझ्या काट्यावर. आणि मुकादमांना.

आता मुकादमांनी काय करावं? स्क्रीन म्हणते, गाडी बोलवा. यांच्याकडे तर थांबवून ठेवलेली गाडी तयार. बोलावणं रद्द करायचं तर स्क्रीन कारण विचारायची, आणि कारणं तीनच. 'गाडी नादुरुस्त', 'माल तयार नाही' आणि 'बोलवायची राहिली'. पहिलं दाबलं तर वाहतूकदाराला दंड. दुसरं दाबलं तर कारखान्यातल्या फिटरांच्या नावावर काळा ठिपका. तिसरं दाबलं तर चूक ज्याची त्याची, म्हणजे मुकादमांची. चौथं कारण, 'दुसरी गाडी इथेच उभी आहे, डोळे उघडा', असं काही स्क्रीनवर नव्हतं.

मुकादमांनी तिसरं दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरं. मग रोज. दिवसाला दहा वेळा, बारा वेळा. बोलवायची राहिली, बोलवायची राहिली, बोलवायची राहिली.

मी एकदा म्हटलं, "अहो, सगळ्या खापरांना तुमचंच डोकं का? साहेबांना जाऊन सांगा ना, असं असं करतो म्हणून."

"नको बाई."

"का नको? चोरी करताय का?"

"लपलंय म्हणून टिकलंय," ते म्हणाले आणि पेन्सिल कानामागे खोचून निघून गेले. मी मनात म्हटलं, भित्रा आहे मेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची हौसच असते काही माणसांना.

दोन वर्षं गेली. आधीचे आकडे नव्हतेच, म्हणून सिस्टीमने प्रत्येक मालाला वेगळी गाडी धरून हिशेब मांडला होता; त्या मानाने वाहतुकीतला कार्बन बावीस टक्क्यांनी कमी भरला. आकडा खरा होता, टाक्यांचे मीटर खोटं बोलत नव्हते. हिरवे साहेब फुलून गेले. जिथे जातील तिथे बावीस टक्के! जेवताना बावीस टक्के, हात धुताना बावीस टक्के. भिंतीवर मोठी पाटी लागली: 'सिस्टीमने करून दाखवलं.' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा. पदकासाठी अर्ज गेला, निवडही झाली. फक्त बाहेरचे तपासनीस येऊन आकडा पडताळणार, एवढंच बाकी होतं.

आणि याच सिस्टीमने दुसरी एक यादी काढली, कुठल्या कामगाराच्या किती चुका. त्यात आमचे मुकादम पहिले. पहिले म्हणजे कसे, दुसऱ्या नंबरवाल्याच्या एकेचाळीस चुका आणि यांच्या पाच हजार सहाशे. सगळ्या एकाच प्रकारच्या. एक माणूस पाच हजार सहाशे वेळा गाडी बोलवायला विसरतो, तरी एकदाही माल उशिरा पोचत नाही. यात काही विचित्र आहे, असं त्या वातानुकूलित खोलीतल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला विसरण्याचा रोग लागला.

म्हणून डॉक्टर. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? मुकादम म्हणाले, गुरुवार. सकाळी काय खाल्लं? सांगितलं. मी तीन शब्द बोलतो, ते पाच मिनिटांनी परत सांगा. तेही सांगितले. वर मुकादमांनी, राहवलं नाही म्हणून, सोमवारपासून आलेल्या सगळ्या गाड्यांचे नंबर ओळीने म्हणून दाखवले, कोणती कुठली आणि कुणाच्या मागच्या टायरला हवा कमी होती त्यासकट. डॉक्टरांनी कागदावर काय लिहावं? 'तूर्त दोष आढळत नाही, देखरेख आवश्यक.' त्या 'देखरेख आवश्यक'वर साहेबांनी बोट ठेवलं आणि पत्र काढलं: महिनाअखेरीस तब्येतीच्या कारणास्तव निवृत्ती. नोकरीची साडेतीन वर्षं शिल्लक असताना!

वहिनी थेट माझ्या केबिनमध्ये आली, धापा टाकत. "तुम्ही तरी सांगा त्यांना, तोंड उघडा म्हणावं! घरी बसले तर हा माणूस वेडा होईल. फलाट सोडून यांना जगात आहे काय? मी आहे, पण माझ्याशी कुठे बोलतात?" बोलता बोलता रडली. मला तर इतका संताप आला, मुकादमांचाही आणि साहेबांचाही, की हातातली चिठ्ठी चुरगळली. मी म्हटलं, "वहिनी, ते नाही बोलले तर मी बोलते. माझ्या डब्यात सगळं आहे."

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. वाटलं होतं, ही पण बिल्लेवालीच असणार. पण बाई वेगळी निघाली. धुळीत चालायची सवय असलेले बूट, आणि आल्या आल्या चहा नाकारून म्हणाल्या, "आधी काटा दाखवा." हिरवे साहेब मागून धावतायत. मी पत्र्याचा डबा त्यांच्यासमोर आदळला.

"हे काय?" हिरवे साहेब म्हणाले. "आपण कागद बंद केलाय."

"तुम्ही केलाय," मी म्हटलं. "मी नाही केला."

तपासनीस बाई नमुन्याला दोन महिने निवडून अडीच तास चिठ्ठ्या लावत बसल्या. एकच गाडी, एकच दिवस. येताना भरलेली, जाताना भरलेली. मग त्यांनी स्क्रीनवरच्या त्या पाच हजार सहाशे चुकांमधल्या त्याच दोन महिन्यांच्या मागवल्या आणि शेजारी ठेवल्या. एकेक चूक एकेका गाडीशी जुळली. बाई खुर्चीत मागे टेकल्या नि हसायला लागल्या. "तुमचे बावीस टक्के सिस्टीमने नाही वाचवले," त्या हिरव्या साहेबांना म्हणाल्या. "ते या विसरभोळ्या माणसाने वाचवलेत." हिरव्या साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कुणीतरी भर बाजारात कानाखाली वाजवल्यासारखं. माझ्या जिवाला असा गारवा वाटला म्हणून सांगू! मी धावतच फलाटावर गेले आणि मुकादमांना सगळं सांगितलं.

ते बाकावर बसले. कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली. मग म्हणाले, "डबा दाखवलात?"

"मग काय तर! आता बघते कोण तुम्हाला घालवतो ते."

"बरं केलंत हो, बाई," ते म्हणाले. इतकं थंडपणे का म्हणाले, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते बारा दिवसांनी. हिरवे साहेब कसले गप्प बसतायत! ती जात पडते ती पायांवरच. बारा दिवसांत दोन्ही सिस्टीमच्या मधली भिंत पाडून घेतली आणि स्क्रीनवर चौथं बटण आलं: 'जोडफेरी'. येणारी गाडी आणि जाणारा माल आपोआप जुळवणार, ड्रायव्हरच्या मोबाईलवर विचारणार, थांबता का? हो किंवा नाही. पदकाच्या समारंभात हिरव्या साहेबांनी ते बटण मोठ्या पडद्यावर दाबून दाखवलं, टाळ्या झाल्या. मुकादमांनाही वर बोलावलं. त्यांच्या हातात एक कुंडी दिली, लहानसं रोप असलेली. "यांच्या अनुभवातून आपल्या सिस्टीमने शिकून घेतलं," असं म्हणाले. पुन्हा टाळ्या. आणि संध्याकाळी पत्र. आधीचं तब्येतीचं पत्र सन्मानपूर्वक मागे. आता कारण नवीन: सदर काम सिस्टीममध्ये समाविष्ट झाल्याने पदाची आवश्यकता उरलेली नाही.

म्हणजे ज्याला विसरभोळा म्हणून घालवणार होते, त्याला हुशार म्हणून घालवला. आणि पुरावा कुणी पुरवला? मी. माझ्या पत्र्याच्या डब्याने. 'लपलंय म्हणून टिकलंय,' असं तो माणूस मला स्वच्छ सांगत होता, आणि मी त्याला भित्रा म्हणत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अकलेची मापं काढली, पण माझी स्वतःची कधी काट्यावर चढवली नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

मुकादम जाताना भांडले नाहीत. बाक तेवढा पुसला.

तो बाक पुढच्याच आठवड्यात हलवला, 'फलाटावर अडथळा' म्हणून. पाण्याची टाकीही गेली. चौथं बटण मात्र इमानदारीत चाललं. प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचं, थांबता का? आणि ड्रायव्हर दाबायचा, नाही. का थांबेल? किती वेळ ते कुणी सांगत नाही, टेकायला जागा नाही, आणि चाळीस मिनिटांच्या वर आवारात राहिला तर तीच सिस्टीम त्याच्या नावावर उशीर लिहिते! एका हाताने थांब म्हणायचं नि दुसऱ्या हाताने थांबलास का म्हणून कान पिळायचा. तीन महिन्यांत त्या बावीस टक्क्यांचं शून्य झालं. तोवर हिरव्या साहेबांना बढती मिळून ते वरच्या ऑफिसात गेले होते, पदकासकट.

मुकादम रोज संध्याकाळी मला फोन करायचे. एकच प्रश्न, "आज किती?" म्हणजे किती गाड्या दोन्ही वेळा भरलेल्या गेल्या. पहिल्या दिवसापासून मी खोटंच सांगत आले. दहा, अकरा, चौदा. खरा आकडा असायचा एक, फार तर दोन. एका संध्याकाळी मी म्हटलं, "आज तेरा."

पलीकडे वहिनीचा खोकला ऐकू येत होता. मग मुकादम म्हणाले, "बाई, माझ्या खिडकीवरून आज सव्वीस खडखडत गेल्या."

मी फोन तसाच धरून उभी राहिले आणि मला रडू आलं. चोवीस वर्षांत काट्यावर मी कधी रडले नव्हते.

आता पुढचं. एका माणसाचा पगार वाचवल्यावर त्याची स्क्रीन कुणीतरी बघायला हवीच. कंपनीने ती उचलून माझ्या केबिनमध्ये आणून ठेवली होती. 'जाता जाता तुम्हीच बघा, बटणं तर दाबायची आहेत.' बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेकडची गाडी कास्टिंग उतरवून काट्यावर चढली, तेव्हा मी चिठ्ठी हातातच ठेवली. खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "सव्वा तास थांबता? भरून जा. उशीर लागला तर माझ्या काट्याचा बिघाड म्हणून लिहिते. आत येऊन बसा, पंखा आहे." ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. "मुकादम सांगायचे तसंच बोलताय," म्हणाला आणि इंजिन बंद केलं. स्क्रीनने कारण विचारलं. चौथ्या बटणाला मी हातही लावला नाही. त्याला लावला की वरच्यांना कळतं, आणि कळलं की ते सुधारणा करतात. मी तिसरं दाबलं. बोलवायची राहिली.

चिठ्ठ्यांच्या अजूनही तीन प्रती निघतात. एक ड्रायव्हरला, एक ऑफिसला. तिसरी मी तिथल्या तिथे फाडते.

गेल्या महिन्यात मला पत्र आलं. चुकांचं प्रमाण चिंताजनक आहे, कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्मरणशक्ती तपासून घ्यावी. गेले. वार विचारला, सांगितला. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. 'देखरेख आवश्यक' असणार. खुशाल ठेवा देखरेख.

त्या संध्याकाळी मुकादमांचा फोन आला. आज किती, असं विचारलंच नाही. म्हणाले, "आज सातच खडखडल्या. कोण आहे हो तिथे?"

"कोण असणार?" मी म्हटलं. "सिस्टीम आहे."

मुकादम हसले. मोठ्याने. त्यांना तसं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मागून वहिनी विचारत होती, काय झालं, काय झालं.

"मग सिस्टीमला सांगा," ते म्हणाले, "लांबचा माल आधी भरायचा, जवळचा शेवटी. नाहीतर उतरवताना ड्रायव्हरचे हाल होतात, आणि पुढच्या वेळी तो थांबत नाही."

"सांगते," मी म्हटलं, आणि पेन्सिल घेऊन लिहून ठेवलं.